दोन विषयांची जोडी : महाविद्यालयाची वाट धरणाऱ्या आपल्या मुलांसाठी

दरवर्षी जून महिना उजाडला की आपल्या शाळेच्या कार्यालयात एक परिचित दृश्य दिसते. दोन-तीन वर्षांपूर्वी वसतिगृहातून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी हातात महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज घेऊन दारात उभा असतो आणि त्याच्यामागे पालक. गेल्या काही वर्षांत त्या अर्जावरील रकाने वाढले आहेत आणि त्यांची नावेही नवी आहेत : मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प. अशाच एका पालकांनी आम्हांस सरळ विचारले, "सर, पोरगो इतिहास शिकता, मगे तेका हिशेबाचो विषय कित्याक व्हयो?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आम्हांस उभ्या उभ्या देता आले नाही. आम्ही त्यांना चहा दिला, अर्ज भरून दिला आणि निरोप दिला. तथापि तो प्रश्न मनातून गेला नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर लिहून काढण्याचा हा प्रयत्न आहे. तो त्या पालकांसाठी आहे, तसाच यंदा व पुढील वर्षी तेच रकाने भरणाऱ्या सर्वांसाठी आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमाची रचना ठरविणारा शासननिर्णय महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढला. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे सावंतवाडीस जा, कुडाळास जा वा कणकवलीस जा, चौकट तीच. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक मिळवावे लागतात. सत्रभरात पंधरा तास व्याख्यान म्हणजे ढोबळमानाने एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. या श्रेयांकांतील सर्वांत मोठा वाटा मेजर म्हणजे मुख्य विषयाचा. त्याच्या सोबतीला मायनर म्हणजे दुय्यम विषय. आणि दहा ते बारा श्रेयांक ओपन इलेक्टिव्हचे, ज्याला आपण मराठीत खुला ऐच्छिक विषय म्हणू. या शेवटच्या प्रकाराला एक अट आहे : तो मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असला पाहिजे. म्हणजे कला शाखेच्या मुलाने वाणिज्य अथवा विज्ञानाकडे जायचे, विज्ञानाच्या मुलीने कला अथवा वाणिज्याकडे यायचे. त्या पालकांच्या मुलासमोर हिशेबाचा विषय आला तो या अटीमुळे.

नियम असा आहे. परंतु नियम सांगितल्याने 'कित्याक' या शब्दाचे समाधान होत नाही.

आमच्या पिढीलाही दोन विषयांची जोडी नवी नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत तृतीय वर्ष कला शाखेस सहा प्रश्नपत्रिका असत. त्या सहाही एकाच विषयाच्या घेता येत किंवा तीन एका विषयाच्या व तीन दुसऱ्या विषयाच्या. आम्ही इतिहास व अर्थशास्त्र अशी जोडी घेतली होती. इतिहासाच्या तासाला रयतवारी पद्धत शिकविली जाई. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा आणि १८७५ चे दख्खनचे दंगे शिकविले जात. त्याच दिवशी दुपारी अर्थशास्त्राच्या तासाला पैशाचा पुरवठा, किंमतपातळी, सार्वजनिक वित्त. रोख रकमेत भरावयाचा शेतसारा आणि बाजारात घसरणारे धान्याचे भाव या एकाच दोरीच्या दोन टोकांना हे दोन तास धरून आहेत, असे तीन वर्षांत आम्हांस कोणी सांगितले नाही. दोष शिक्षकांचा म्हणावा, तर तेही तसेच शिकून आले होते. आम्ही दोन विषय घेतले, दोहोंत उत्तीर्ण झालो, आणि ते दोन विषय आमच्या डोक्यात शेजारशेजारच्या पण बंद दारांच्या घरांसारखे राहिले.

हे दार आमच्यापुरते उघडले ते पुढे, एम.ए. करीत असताना, बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हाती आला तेव्हा. आम्ही तो अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हणून उघडला, आणि पाहतो तो पाने इतिहासाची. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात निरनिराळ्या प्रांतांत चालणारी निरनिराळी नाणी, त्यांतून एकच रुपया प्रमाण कसा झाला, चांदीचा भाव घसरू लागल्यावर काय घडले, १८९३ साली टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी का बंद झाल्या, अशा क्रमाने ग्रंथ पुढे सरकतो. रुपयाचे मूल्य स्थिर कसे राहावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा. परंतु त्याचे उत्तर शोधताना बाबासाहेब शंभर वर्षांचे दप्तर उलगडतात. इतिहास वजा केला तर त्या ग्रंथातील युक्तिवाद उभा राहत नाही, आणि अर्थशास्त्र वजा केले तर उरते ती नुसती सनावळी.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणजे अनेक विषय शेजारशेजारी शिकणे. आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणजे एकाच प्रश्नासाठी दोन विषयांना एकत्र कामाला लावणे. आमच्या बी.ए. मध्ये पहिला प्रकार होता. बाबासाहेबांच्या ग्रंथात दुसरा आहे. ताटात भात एकीकडे आणि कडधान्य दुसरीकडे वाढले तर तेही जेवणच. पण वाटप तयार होते ते खोबरे, कांदा व मिरे एकाच पाट्यावर आले की.

बाबासाहेबांना ही दृष्टी कोठून आली? काही त्यांच्या प्रज्ञेतून, काही त्यांच्या जीवनातून. परंतु शिक्षणाच्या रचनेचाही त्यात वाटा होता, आणि तो आपण क्वचितच सांगतो. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. अर्थशास्त्रात सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्युई असे अध्यापक त्यांना लाभले. हे आकडे आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवितो आणि विचारतो की या यादीत मेजर कोणता? उत्तर लगेच येते. मग दुसरा प्रश्न विचारतो : बाकीचे एकतीस कशासाठी? येथे वर्ग थांबतो.

त्या 'कशासाठी'चे सर्वांत चांगले उत्तर ९ मे १९१६ या तारखेत आहे. त्या दिवशी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध मानवशास्त्राचा आहे, पण त्याचा कणा अंकगणिताचा आहे. जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घातलेला वर्ग, आणि ते कुंपण म्हणजे जातीतल्या जातीतच विवाह, हे त्यांचे प्रतिपादन. आता आमच्या पद्धतीने आकडे घालून पाहा. एका बंद गटात शंभर विवाहित जोडपी आहेत. एक पती निवर्तला. गटात एक स्त्री अधिक झाली. तिने गटाबाहेर विवाह केला तर कुंपण मोडते. गटातच केला तर उपवर मुलींच्या वाट्याचा एक वर कमी होतो. कुंपण टिकवायचे तर या 'अधिक' स्त्रीचे काय करावयाचे? बाबासाहेब दाखवितात की सती आणि सक्तीचे वैधव्य ही या हिशेबाची क्रूर उत्तरे आहेत. पत्नी निवर्तली तर पुरुष 'अधिक' होतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याला संन्यस्त राहण्यास सांगावे किंवा अद्याप विवाहाच्या वयात न आलेली मुलगी त्याला द्यावी. बालविवाह तो येथून. ज्या प्रथांना धर्माचे तेज चढविले गेले होते, त्यांच्या मुळाशी स्त्रीपुरुषांच्या संख्येचा ताळमेळ आहे, हे मानवशास्त्राच्या एकट्या पुस्तकातून दिसले नसते आणि गणिताच्या पुस्तकातून तर नाहीच नाही.

दहावीच्या मुलींसमोर आम्ही हे शंभर जोडप्यांचे गणित मांडतो, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती इतिहासाच्या इतर कोणत्याही पाठाला पसरत नाही.

दुसरे उदाहरण महाडचे. २० मार्च १९२७ चा दिवस आपल्या शाळेत दरवर्षी साजरा होतो. चवदार तळ्याची नाटिका होते, भाषणे होतात. पण तळ्याची गोष्ट त्या दिवशी संपली नाही; ती न्यायालयात दहा वर्षे चालली, आणि ही दहा वर्षे भाषणांतून गळतात. तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असा विरोधकांच्या दाव्यातील एक मुख्य मुद्दा होता. रूढीला कायद्याचे बळ मिळायचे तर ती पुरातन, अखंड व निश्चित असल्याचे सिद्ध करावे लागते. हा झाला कायद्याचा भाग. पण 'पुरातन' हे सिद्ध कसे करावयाचे? तेथे जुने दप्तर, तळ्याभोवतीच्या घरांचे वय, नगरपालिकेचे कागद, साक्षी यांकडे जावे लागते; हा झाला इतिहासाचा भाग. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. 'हे पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य आपल्या पूर्वजांना किती पिढ्या ऐकविले गेले असेल! त्या वाक्याला 'पुरावा दाखवा' असे उत्तर न्यायालयात मिळाले. ते देण्यास कायदा जाणणारा इतिहासाचा अभ्यासक, अथवा इतिहास जाणणारा वकील लागतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे विधी शाखेकडे गेले आहेत त्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे, अशी विनंती.

आता थोडे शेजारी पाहू. बांद्याहून पत्रादेवीची हद्द ओलांडली की गोवा. त्या गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले. पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे त्यांचे कार्य आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातच झाला. हे गणिताचे प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. इतिहासाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला त्यांनी जे वळण दिले, ते आमच्यासारख्या पदवीधरांना मान खाली घालून शिकावे लागते.

ते इतिहासाकडे वळले नाण्यांमुळे, आणि नाण्यांकडे वळले संख्याशास्त्रामुळे. प्राचीन आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, सन नसतो. असतात त्या फक्त ठशांच्या खुणा. मग कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे हे ठरवावे कसे? कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा विचार असा : नाणे हातोहाती फिरते आणि झिजते. जितकी वर्षे अधिक फिरेल तितके वजन घटेल. पण सर्व नाणी सारख्याच हातांतून जात नाहीत. काही पुष्कळ फिरतात, काही गाडग्यात पडून राहतात. म्हणून जुन्या नाण्यांच्या गटात सरासरी वजन तर कमी होतेच, शिवाय नाण्यानाण्यांतील वजनाचा फरकही वाढतो. एकेका नाण्याबद्दल यातून काही सांगता येत नाही. पण एकत्र सापडलेल्या शेकडो नाण्यांच्या साठ्याबद्दल सांगता येते. आपल्या काळात चलनात असलेली नाणी वजन करून त्यांनी हा नियम पारखला, आणि मग तक्षशिलेच्या साठ्यांना लावला. नाण्याच्या मागील बाजूवर छोट्या खुणा असतात. त्या जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे नाणे चलनात असताना वेळोवेळी कोणीतरी ते तपासून खूण करीत असावे. ज्या काळाविषयी लिखित साधने तुटपुंजी, त्या काळातील व्यापाऱ्यांची शिस्त एका तराजूने बोलकी केली.

हे वाचून आम्हांस मोह झाला. आपल्या शाळेतही करून पाहू, असे ठरविले. नववीच्या वर्गाने भोजनगृहाच्या गल्ल्यातून, आठवडा बाजारातील ओळखीच्या विक्रेत्यांकडून आणि घरोघरच्या डब्यांतून एक रुपयाची सुमारे दोनशे नाणी जमविली. प्रत्येक नाण्यावर सन असतोच. बाजारातील एका सोनारदादांनी दुपारच्या निवांत वेळी आपला काटा वापरू दिला. मुलांनी वहीत दोन रकाने आखले : सन आणि वजन. गणिताच्या शिक्षकांनी सरासरी काढून आलेख करवून घेतला.

आलेख उलटाच आला. जुनी नाणी जड आणि नवी हलकी! एका विद्यार्थ्याने निष्कर्षही लिहून टाकला की अलीकडे व्यवहार वाढल्यामुळे नवी नाणी लवकर झिजतात. वाक्य सुरेख होते आणि पूर्णतः चूक होते. गोष्ट अशी होती की १९९२ च्या आधीचे रुपयाचे नाणे तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, सहा ग्रॅमचे होते. १९९२ पासून पोलादी नाणे आले ते ४.८५ ग्रॅमचे. २०११ पासूनच्या मालिकेत ते आणखी लहान झाले, ३.७९ ग्रॅमचे. नाणे झिजले नव्हते. टांकसाळीतूनच हलके निघाले होते. मुलांच्या हाताला आकारातील फरक कळत होता, ती नाण्यांच्या चळती वेगवेगळ्या लावतही होती; पण वहीत आकाराचा रकाना नव्हता, म्हणून आलेखाला तो कळला नाही.

आम्ही त्या दिवशी थोडे खजील झालो, कारण वर्गात इतिहासाचा एम.ए. झालेला मनुष्य हजर असून 'ही सर्व नाणी एकाच प्रकारची आहेत का' हा पहिला प्रश्न विचारण्याचे विसरला होता. कोसंबी आपले काम एका साठ्यापुरते व एका प्रकारच्या नाण्यांपुरते मर्यादित का ठेवीत, हे आम्हांस ग्रंथ वाचून कळले नव्हते. सोनाराच्या काट्यासमोर कळले. पुढे आम्ही तिन्ही प्रकार वेगळे करून पुन्हा आलेख काढला. पोलादी नाण्यांत झीज जवळजवळ दिसलीच नाही. तांबे-निकेलची नाणी जेमतेम नऊ निघाली, आणि नवांवरून काही बोलू नये, असे गणिताच्या शिक्षकांनी बजावले.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. इतिहासाच्या मुलाला हिशेब कशाला? गावच्या देवस्थानाचा जुना जमाखर्च, सावकाराची खातेवही, खोताने कुळाकडून घेतलेल्या मक्त्याची नोंद, पतपेढीचा ताळेबंद ही इतिहासाची साधने आहेत. आणि ज्याला नावे-जमा कळत नाही त्याला ती मुकी आहेत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. कोकणातील कुळांच्या त्या लढ्याचा अभ्यास करावयाचा तर दस्तऐवज, आकडे आणि कायदा तिन्ही एकत्र वाचावे लागतात. आपल्या आजोबा-पणजोबांचे आयुष्य ज्या वह्यांत लिहिले गेले, त्या बहुधा त्यांनी लिहिलेल्या नव्हत्या. त्या वाचता येणे ही आपल्या मुलांची गरज आहे. नोकरीच्या दृष्टीनेही त्या मुलाचे नुकसान नाही, हे वेगळे सांगत नाही.

या जिल्ह्यात अशा जोड्यांना तोटा नाही. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरील कातळशिल्पे घ्या. कोकणातील जी कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत कुडोपी आहे. जांभ्या दगडात कोरलेल्या त्या आकृतींचे वय ठरविणे कठीण, कारण कोरीव रेषेत लाकूड वा कोळसा यांसारखे काही सापडत नाही की ज्याची कार्बन पद्धतीने परीक्षा व्हावी. तेथे जांभा कसा बनतो, कसा झिजतो हे जाणणारा भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी इतिहासाच्या विद्यार्थ्याशेजारी बसला पाहिजे. आपली तेरेखोल नदी घ्या. आदिलशाहीच्या काळी बांदा हे या नदीकाठचे व्यापारी ठाणे होते. आज त्याच नदीचे पाणी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते. पात्र, गाळ, भरती-ओहोटी, बांधकामे आणि जुन्या पुरांच्या आठवणी हा भूगोल आणि इतिहास यांचा एकच प्रकल्प आहे. नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तो ग्रंथालयातील पुस्तकातून उतरवून काढण्याऐवजी नदीकाठी करता येईल.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की गुरुजी नव्या धोरणावर लट्टू झाले. तसे नाही. आम्हांस यातील उणिवा रोज दिसतात. पदवीच्या चौकटीत दोन विषय आले, पण त्यांची गाठ घालून देणारी व्यवस्था आली नाही. अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालये नावाचा एक प्रकार आहे. दोन वर्षांचे शिक्षण, खुला प्रवेश, आणि विद्यार्थी बव्हंशी कष्टकऱ्यांच्या व स्थलांतरितांच्या घरचे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया महाविद्यालयाने १९७० च्या दशकापासून तेथे जोड-अभ्यासक्रम चालविले. त्यांतील मर्म असे की एकच विद्यार्थीगट दोन्ही विषयांना एकत्र बसतो, आणि दोन्ही अध्यापक सत्र सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून अभ्यासक्रम आखतात. निबंधलेखनाच्या तासाला जे लिहावयाचे त्याचा विषय समाजशास्त्राच्या तासातून येतो. आपल्याकडे जोडी अर्जावर लागते आणि वेळापत्रकात सुटते. हिशेबाच्या तासाला कला शाखेची मुले मागच्या बाकावर बसतात. शिकविणाऱ्याला ठाऊक नसते की यांचा मुख्य विषय इतिहास आहे, आणि इतिहास शिकविणाऱ्याला ठाऊक नसते की हे हिशेब शिकत आहेत.

दुसरी उणीव आमच्या ग्रामीण भागाची. मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात खुल्या ऐच्छिक विषयांची यादी लांब असते. तालुक्याच्या ठिकाणी जो अध्यापक मोकळा असेल तोच विषय 'ऐच्छिक' ठरतो. पदे रिक्त, तासिका तत्त्वावरील अध्यापक दोन महाविद्यालयांत धावपळ करणारे. मग विद्यार्थी सोपा विषय कोणता, गुण कोठे सहज मिळतात, एवढेच पाहतात. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्याचा परिणाम विषम आहे. ज्याच्या घरी दोन पिढ्यांचे शिक्षण आहे, त्याला कोणता विषय कशाशी जोडावा हे जेवताना कळते. आपली मुले वसतिगृहातून थेट अर्जाच्या रकान्यापाशी पोहोचतात.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगतो. मुख्य विषय कच्चा ठेवून जोडीचा विषय मिरवू नये. कोसंबी आधी उत्तम गणिती होते. ज्या विषयात आकडे आहेत म्हणून भीती वाटते, तो केवळ भीतीने टाळू नये. आपल्या समाजातील मुलांना गणित जमत नाही, हा समज आम्ही शिक्षकांच्या खोल्यांतून ऐकला आहे. तो बोलणाऱ्यांना १९१६ चा निबंध वाचावयास द्यावा. विज्ञान शाखेच्या मुलींनी कला शाखेकडे यावयाचे झाल्यास राज्यघटना अथवा इतिहास निवडावा. प्रयोगशाळेत मोजलेले विहिरीचे पाणी कोणाच्या विहिरीचे आहे, हा प्रश्न तेव्हाच सुचतो. आणि निवड करण्यापूर्वी महाविद्यालयातील त्या त्या अध्यापकांना जाऊन भेटावे, 'मी या दोहोंचा मिळून एक प्रकल्प करू का' असे विचारावे. बहुतेक अध्यापकांना असे कोणी विचारलेलेच नसते. आमचा अनुभव असा की ते आनंदाने हो म्हणतात.

ह्वेनत्सांगने नोंदविलेल्या पंचविद्या, म्हणजे शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या व अध्यात्मविद्या, यांचा गौरव आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होतो. तो व्हावा. पण चिकित्सा शिकणाऱ्याला तर्कही शिकावा लागे, ही त्यातील महत्त्वाची बाब गौरवाच्या भरात मागे पडते. असो.

ज्या विद्यार्थ्याच्या अर्जावरून हे सारे सुचले, त्याने अखेर हिशेबाचा विषय घेतला. दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेत आला होता. नावे-जमा समजते, पण वर्गात कोणी बोलत नाही, असे म्हणाला. आम्ही त्याला आपल्याच भोजनगृहाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या दाखविल्या. तांदूळ, डाळ, रॉकेल यांचे भाव वर्षावर्षाने त्यांत आहेत, आणि कोणत्या महिन्यात अनुदान आले नाही तेही आहे. त्याने त्यांतील तीन वह्या मागून नेल्या आहेत.

नाण्यांचा डबा अजून विज्ञान-खोलीच्या कपाटात आहे. १९९२ पूर्वीची, तांबे-निकेलची एक रुपयाची नाणी कोणा माजी विद्यार्थ्याच्या वा पालकांच्या घरी असतील, तर ती आम्हांस हवी आहेत; वजन करून परत देऊ. निदान शंभर जमली पाहिजेत, असे गणिताच्या शिक्षकांचे म्हणणे आहे.